बगिच्यातलं नाणं काय सांगतं?

आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. जे मूल पायाकडून जन्माला येतं त्याला ‘पायाळू’ म्हणतात, आणि पायाळू माणसाच्या डोळ्यांत विशिष्ट अंजन घातलं की त्याला जमिनीत पुरलेलं धन दिसतं. आजीच्या गोष्टींत हे धन हंड्यात असतं, हंड्यावर नाग बसलेला असतो, आणि लोभी माणसाच्या हाताला शेवटी कोळसेच लागतात. गोष्ट म्हणून ऐकायला हे छान आहे. पण गुप्तधनाच्या नादापायी खरोखरचे अघोरी प्रकार झाले, माणसांचे जीव गेले. म्हणूनच महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात असे प्रकार गुन्हा ठरवावे लागले.

आता मात्र अंजनाची गरज उरलेली नाही. जमिनीतला धातू ओळखणारं यंत्र बाजारात मिळतं, घरबसल्या मागवताही येतं. मॉलच्या आणि देवळांच्या दारात आपल्या अंगावरून फिरवतात, त्याच जातीचं हे यंत्र: मेटल डिटेक्टर. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये ते घेऊन जुनी नाणी शोधत फिरणं हा कित्येकांचा सुट्टीचा छंद आहे. आपण पतंग उडवायला गच्चीवर जावं, तसे हे लोक कानांना हेडफोन लावून बगिच्यात जातात.

मित्रांनो, हे यंत्र कसं चालतं, अमेरिकेतल्या एखाद्या जुन्या बगिच्यात त्याच्यासोबतचा दिवस कसा जातो, आणि जमिनीतून नाणं उचलताना आपण नेमकं काय उचलतो, हे या लेखात पाहू. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण तो आता आपल्या दारापर्यंत आला आहे.

यंत्र कसं ऐकतं?

लांब दांड्याच्या टोकाला एक ताटली असते. तिच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडतात, त्यामुळे ताटलीखालच्या मातीत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. बारावीला शिकलेला फॅरेडेचा नियम आठवा. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात धातू आला की त्याच्यातही प्रवाह सुरू होतात, पाण्यातल्या भोवऱ्यासारखे गोल फिरणारे. या भोवरा प्रवाहांचं स्वतःचं एक अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्र असतं. ताटलीतलं दुसरं वेटोळं ते पकडतं, आणि कानात ‘टुंग’ असा आवाज येतो.

गंमत पुढे आहे. चांदी आणि तांबं हे विजेचे उत्तम वाहक आहेत, त्यांचं उत्तर जरा उशिरा येतं. ॲल्युमिनियमचा पातळ तुकडा किंवा निकेल मिसळलेलं नाणं त्यापेक्षा लवकर उत्तर देतं. लोखंडाचं वागणं चुंबकीय असल्यामुळे वेगळंच. हा सूक्ष्म फरक मोजून यंत्र आवाजाची पट्टी बदलतं: चांदीला उंच, स्वच्छ स्वर आणि खिळ्याला खर्जातली घरघर. जाणकार माणूस पडद्यावरच्या आकड्यापेक्षा कानावर जास्त भरवसा ठेवतो. मंडईत नारळ वाजवून घेणारी आपली आई करते तेच हे काम आहे.

मर्यादाही लक्षात घ्या. साध्या यंत्राला रुपयाएवढं नाणं वीतभर खोलीपर्यंत कळतं, त्याखाली अवघड जातं. नाणं मातीत उभं रुतलेलं असेल तर आवाज मंदावतो. गंजलेला मोठा लोखंडी तुकडा कधी कधी चांदीची नक्कल करतो. खाली कुठला धातू असावा याचा यंत्र फक्त अंदाज देतं. वस्तू कोणाची, कधीची, तिथे का आली, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं.

या यंत्राचा जन्म नाण्यांसाठी झालेला नाही. १८८१ च्या जुलैमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरात अडकलेली गोळी शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल असंच एक यंत्र घेऊन गेले. ते चाललं नाही. पलंगाच्या गादीत धातूच्या स्प्रिंगा होत्या, आणि डॉक्टरांनी उजव्या बाजूलाच शोधू दिलं. गोळी डावीकडे होती. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड गेले. पुढे दुसऱ्या महायुद्धात युसेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने सुरुंग शोधण्यासाठी सैनिकाला हातात धरून चालवता येईल असं यंत्र बनवलं, आणि १९४२ मध्ये एल अलामेनच्या वाळवंटात ते वापरलं गेलं. जीव वाचवणारं हे यंत्र युद्धानंतर हळूहळू छंदाचं साधन झालं.

नाणी खाली जातात कशी?

बगिच्यात कोणी खजिना पुरत नाही. तिथली नाणी पडलेली असतात. बाकावर बसताना खिशातून घरंगळलेली, आइस्क्रीमवाल्याला देताना मुलाच्या हातातून निसटलेली, गवतावर लोळताना सांडलेली.

मग ती खाली कशी जातात? याचं उत्तर चार्ल्स डार्विनने दिलं आहे. योगायोगाने त्याच १८८१ साली गांडुळांवरचं त्याचं पुस्तक प्रसिद्ध झालं. गांडुळं खालची माती खातात आणि विष्ठेच्या रूपात वर आणून टाकतात. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की पृष्ठभागावरच्या वस्तू आपोआप मातीखाली जातात. नाणं बुडत नाही, त्याच्यावर जमीन चढते म्हणा ना. त्यात कापलेलं गवत आणि कुजलेली पानं यांची भर पडते. म्हणून साधारणपणे वरची नाणी नवी आणि खालची जुनी. पण भराव टाकला, नळासाठी चर खणला, झाड उपटलं, की हा क्रम विस्कटतो. जुन्या शहरी बगिच्यातली माती अशी बहुतेक वेळा आधीच उलटीपालटी झालेली असते.

बगिच्यातला एक दिवस

दिवस आदल्या रात्रीच सुरू होतो, परवानगीपासून. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांत मेटल डिटेक्टर वापरणं तर सोडाच, तिथे तो जवळ बाळगायलाही मनाई आहे. शहरी बगिच्यांचे नियम शहरागणिक बदलतात. न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी महापालिकेच्या उद्यान विभागाचा परवाना लागतो. परवानगी असली की जुने नकाशे आणि छायाचित्रं काढायची. बँड वाजवणाऱ्यांचा चौथरा कुठे होता? पाण्याचा नळ कुठे होता? बेसबॉल बघायला लोक कुठल्या उतारावर बसत? आजचा बगिचा पाहून उपयोग नाही, शंभर वर्षांपूर्वी माणसं कुठे थांबत होती ते शोधायचं.

सकाळी दव असताना माती मऊ असते. यंत्राची ताटली जमिनीला जवळजवळ टेकवून, कोयत्याने गवत कापावं तशी डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवायची. घाईने फिरवली तर आवाज निसटतो. चांगला स्वर आला की काटकोनात वळून पुन्हा तीच जागा ऐकायची. दोन्ही बाजूंनी सारखाच आवाज आला तरच खणायचं.

खणण्याचीही रीत आहे. खुरप्याने गवताचा गोल तुकडा तीन बाजूंनी कापून, चौथी बाजू तशीच ठेवून, डब्याच्या झाकणासारखा उघडायचा. मुळं शाबूत राहिली तर गवत जगतं. निघालेली माती फडक्यावर ठेवायची. गाजराएवढ्या छोट्या शोधकाने नेमकी जागा बघायची, वस्तू काढायची, माती परत भरायची, झाकण मिटवून पायाने दाबायचं. उठल्यावर तिथे खणलं होतं हे कळता कामा नये. या छंदाची अब्रू अशा बुजवलेल्या खड्ड्यांवर टिकून आहे. बगिचा उकरून ठेवणारे चार जण निघाले की महापालिका सगळ्यांनाच बंदी करते.

आणि निघतं काय? बहुतेक वेळा कचरा. बाटल्यांची बिल्लं, चांदीच्या कागदाच्या गोळ्या, खिळे, आणि सगळ्यात जास्त वैताग देणाऱ्या, थंड पेयांच्या डब्यांच्या कड्या. साठच्या दशकात डब्याची कडी ओढली की पूर्ण सुटून हातात यायची आणि लोक ती तिथेच टाकायचे. १९७५ नंतर डब्यालाच चिकटून राहणारी कडी आली तेव्हा कुठे हा पाऊस हळूहळू थांबला. यंत्राला ‘कड्या ऐकू नकोस’ असं सांगता येतं, पण सोन्याच्या अंगठीचा आवाज बऱ्याचदा अगदी कडीसारखाच असतो. कडी टाळली की अंगठीही गेली. म्हणून जाणकार माणूस मुकाट्याने कड्याही खणतो, आणि जाताना सगळा कचरा बरोबर नेतो.

अधूनमधून मात्र नाणं येतं. १९०९ ते १९५८ मधला, मागच्या बाजूला गव्हाच्या दोन लोंब्या असलेला एका सेंटचा तुकडा. १९१३ ते १९३८ मधलं रानरेड्याचं चित्र असलेलं पाच सेंटचं नाणं. आणि दिवस चांगला असेल तर मातीतून एकदम पांढरीशुभ्र कड चमकते: चांदीचा डाइम, म्हणजे दहा सेंट, आपल्या नखाहून जरासा मोठा. तांबं मातीत हिरवं पडतं, पण चांदी कालच हरवल्यासारखी निघते. १९८२ पासूनचे सेंट मात्र आतून जस्ताचे आहेत, वर तांब्याचा मुलामा. मातीत त्यांना भोकं पडतात आणि कडा उंदराने कुरतडल्यासारख्या होतात. वीस वर्षं मातीत राहिलेला नवा सेंट शंभर वर्षांच्या जुन्या सेंटपेक्षा म्हातारा दिसतो!

तळहातावरचा इतिहास

इतकी मेहनत करून मिळालेल्या या चिल्लरीची बाजारात किंमत फारशी नसते. मग माणूस हरखतो कशाला? कारण प्रत्येक नाण्यात एक निर्णय गोठलेला असतो.

अमेरिकेचा १९४३ चा सेंट घ्या. तो तांब्याचा नाही, जस्त चढवलेल्या पोलादाचा आहे. दुसऱ्या महायुद्धात तांबं दारूगोळ्याला हवं होतं, म्हणून सरकारने ते नाण्यांतून काढून घेतलं. आता आपल्या आजोबांच्या डब्यात पाहा. भोकाचा पैसा सापडेल. त्यावर साल असेल १९४३ ते १९४७ मधलं. तेच युद्ध, तीच टंचाई. तिकडे नाण्याचा धातू बदलला, इकडे नाण्याच्या मधलाच तुकडा काढून घेतला. चांदीचंही तसंच. अमेरिकन डाइममध्ये १९६४ पर्यंत ९० टक्के चांदी होती, नंतर तांबं आणि निकेल आलं. आपला रुपया १९३९ पर्यंत जवळजवळ ९२ टक्के चांदीचा होता, १९४० पासून निम्मी चांदी राहिली, आणि १९४६-४७ चा रुपया निव्वळ निकेलचा. महागाई आणि युद्ध यांच्याबद्दल पुस्तकात दहा पानं वाचावी लागतात, ते दोन नाणी शेजारी ठेवली की हाताला कळतं.

इतकं सगळं नाणं स्वतः सांगतं. पण काही गोष्टी नाणं एकटं सांगूच शकत नाही. त्या सांगते ती जागा.

जागेची साक्ष

इथे अमेरिकेतला बगिचा सोडून इंग्लंडच्या शेतात जाऊ, कारण ही गोष्ट तिथे फार स्पष्ट दिसली.

२०१० मध्ये सॉमरसेट परगण्यात फ्रोम गावाजवळच्या शेतात डेव्ह क्रिस्प यांच्या यंत्राला आवाज आला. थोडं खणल्यावर मातीच्या भांड्याचा काठ आणि रोमन नाणी दिसली. त्यांनी तिथेच हात थांबवला, खड्डा बुजवला आणि पुरातत्त्ववाल्यांना कळवलं. अभ्यासकांनी भांडं थरथर करून रिकामं केलं, प्रत्येक थरातली नाणी वेगळी ठेवली. नाणी निघाली ५२,५०३. आणि एक नवल दिसलं: सगळ्यात उशिराच्या काळातली बरीचशी नाणी भांड्याच्या खालच्या भागात होती. म्हणजे हे भांडं कोणी वर्षानुवर्षं गल्ल्यासारखं भरलेलं नव्हतं. तसं असतं तर नवी नाणी वर असती. ते एकाच वेळी ओतून भरलेलं होतं. त्यावरून ही बचत होती की एखाद्या देवतेला सगळ्यांनी मिळून दिलेलं दान, अशी मोठी चर्चा सुरू झाली.

आता कल्पना करा, तेच भांडं रात्री घाईघाईने फोडून नाणी पोत्यात भरली असती तर? नाणी तेवढीच राहिली असती. वजन तेवढंच, भाव तेवढाच. पण हे वाक्य कायमचं पुसलं गेलं असतं, आणि काही पुसलं गेलं हेही कोणाला कळलं नसतं.

१९९२ मधली हॉक्सनची हकीकत अशीच. एरिक लॉज हे निवृत्त माळी शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते, आणि सापडला रोमन काळातला सोन्या-चांदीचा साठा. त्यांनीही वेळीच कळवलं. साठ्याचा काही भाग मातीत जसाच्या तसा असल्यामुळे तो लाकडी पेटीत कसा रचून ठेवला होता ते अभ्यासकांना समजलं. सरकारने दिलेलं बक्षीस साडेसतरा लाख पौंडांचं होतं, ते शेतकरी आणि लॉज यांनी वाटून घेतलं. हातोडाही सापडला, तो आज ब्रिटिश म्युझियमकडे आहे.

खणणं म्हणजे असं पुस्तक वाचणं, ज्याचं पान वाचून होताच जळून जातं. पहिला वाचणारा जे लिहून ठेवेल तेवढंच उरतं. बगिच्यातल्या एकेकट्या, आधीच उलटलेल्या मातीतल्या नाण्याच्या बाबतीत हे नुकसान थोडं असतं. गढी, किल्ला, जुनी वस्ती, पडका वाडा इथे ते भरून न येणारं असतं.

असीरगडाची रात्र

हा प्रश्न आता आपल्या दाराशी आहे असं वर म्हटलं, ते यासाठी. मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या असीरगड गावाजवळचं दृश्य आपण सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं. ‘छावा’ चित्रपटानंतर तिथे मुघलांचा खजिना असल्याची बोलवा पसरली. रस्त्याच्या कामातली माती शेतात येऊन पडली होती, तिच्यात सोन्याची नाणी आहेत असं कोणीतरी म्हणालं. बस्स! रात्रीच्या अंधारात बॅटऱ्या लावून गावच्या गाव माती चाळू लागलं. काहींच्या हातात मेटल डिटेक्टरही होते. इंदूरहून इच्छापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ही जागा, आपल्यातल्या कित्येकांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरची.

त्या लोकांना नुसती नावं ठेवून भागत नाही. ज्याच्या घरात तंगी आहे त्याला मोहोरेची बातमी ऐकून झोप कशी लागावी? पण तिथे खरंच काही असेल तर ते कुठल्या थरात, कशासोबत होतं, हे आता कोणी सांगू शकणार नाही. आणि चोरट्या बाजारात नाणं वितळवून विकलं गेलं तर शोधणाऱ्याच्या हातीही धातूच्या भावापलीकडे फारसं काही लागत नाही.

कायदा खरं तर शोधणाऱ्याच्या अगदीच विरुद्ध नाही. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा म्हणतो की जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवा. त्या अर्जात तीन गोष्टी मागितल्या आहेत: काय आणि साधारण किती किमतीचं सापडलं, कोणत्या जागी सापडलं, कोणत्या तारखेला सापडलं. जागा विचारणारा हा कायदा जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीचा आहे! चौकशीनंतर धन बेवारस ठरलं, आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसेल, तर चारपैकी तीन हिस्से शोधणाऱ्याचे आणि एक मालकाचा. सरकारला ते स्वतःकडे ठेवायचं असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. लपवलं तर मात्र हिस्सा जातो, आणि वर्षभरापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कर्नाटकात यासाठी १९६२ चा स्वतंत्र कायदा आहे, हे बेळगावकडच्या मित्रांनी ध्यानात ठेवावं. संरक्षित स्मारकांच्या आवारात परवानगीशिवाय खणणं हा तर सरळ गुन्हा आहे, हातात यंत्र असो वा कुदळ.

तुम्हाला सापडलं तर

घराचा पाया खणताना, विहिरीचा गाळ काढताना, पावसाने वाहून गेलेल्या बांधावर, कोणालाही नाणं सापडू शकतं. तेव्हा एवढं करा. आधी जागचा फोटो काढा, नाणं उचलण्याआधी. शेजारी पेन किंवा काडेपेटी ठेवा म्हणजे आकार कळेल. किती खोल होतं, सोबत खापरं, विटा, राख काही होतं का, ते लिहून ठेवा. नाणं घासू नका. चिंच, राख, पितांबरी यातलं काहीही लावू नका. चकाकी येईल पण अक्षरं जातील. एकाहून जास्त नाणी दिसली तर हात थांबवा आणि तहसील कार्यालयात किंवा पुरातत्त्व खात्यात कळवा.

आणि छंदच जोपासायचा असेल तर यंत्रही लागत नाही. घरातल्या जुन्या डब्यांपासून सुरुवात करा. शिवाजीराव होळकरांच्या काळातलं बसलेल्या नंदीचं तांब्याचं नाणं आजही इंदूरच्या जुन्या घरांत निघतं. ते कोणाकडून आलं, कशासाठी ठेवलं होतं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि नाण्यासोबत एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. ती चिठ्ठी नसेल तर पुढच्या पिढीच्या हातात नुसतं तांबं राहील.